कपाटाला एसी, मला पंखा

सोमवार. तारीख माहीत नाही. कॅलेंडर आतल्या खोलीत आहे आणि आतली खोली आता माझी नाही.

मनगटाचं प्लास्टर निघालं. हात वाळलेल्या दोडक्यासारखा दिसतोय. व्यायामवाली म्हणाली, "आजी, बोटं आखडलीत, रोज एक पान लिहीत जा." मी म्हटलं, "चौथीत शाळा सुटली माझी, काय लिहू?" म्हणाली, "मनात येईल ते लिहा." मनात आलं ते लिहिलं तर पहिलं पान तिच्यावरच जाईल, म्हणून ते राहू दे.

आज घरात कपाट आलं. कपड्यांचं नव्हे. काळं, जाळीच्या दाराचं, माझ्याहून उंच. चार माणसांनी ते आधी जिन्यात अडकवलं, मग दारात अडकवलं, मग माझ्या पलंगात अडकवलं. शेवटी पलंग हॉलमध्ये गेला आणि पलंगामागून मी. कपाटात पेट्या आहेत, पेट्यांना भोकं आहेत, भोकांत निळ्या वायरी आहेत. चालू केलं की पिठाची गिरणी लांबून ऐकू यावी तसं घरघरतं. सूनबाई त्याला सर्व्हर म्हणते.

मी विचारलं, "हा करतो काय?"

म्हणाली, "आई, रस्त्यापलीकडच्या दवाखान्यातली सगळी कॉम्प्युटरं याला जोडायची. औषधवाल्याने लिहिलं ते वॉर्डात दिसलं पाहिजे, तपासणीवाल्याने लिहिलं ते डॉक्टरांना दिसलं पाहिजे."

मी म्हटलं, "त्यासाठी समोरची शेजारीण आहे की. तिला एकाने सांगितलं की सगळ्यांना कळतं. आणि तिला माझी खोली लागत नाही."

सूनबाई हसली नाही. नोकरी सोडून धंदा काढल्यापासून ती हसायचं विसरलीय.

मंगळवार

आज कपाटाला एसी बसला. मला उन्हाळ्यात घामोळं उठलं होतं तेव्हा माझ्या मुलाने पावडरीचा डबा आणला होता. मी त्याला तसं बोलून दाखवलं. तर म्हणतो, "आई, तू पावडरीने बरी झालीस. ते मशीन पावडरीने बरं होणार नाही."

माझा मुलगा असा आहे. बायकोला खूश ठेवायला बघतो, आईला खूश ठेवायला बघतो आणि दोन्हीकडून बोलणी खातो.

वायरी ओढायला एक लांबुडका माणूस येतो. शिडी खांद्यावरून खाली म्हणून ठेवत नाही. चहा प्यायलासुद्धा शिडीवर बसला. त्याला मी शिडीवाला म्हणते. नाव विचारलं होतं, पण ते सांगताना त्याच्या तोंडात खिळे होते.

गुरुवार

मी चोरून ऐकत नव्हते. माझा पलंग हॉलमध्ये आहे आणि ती दोघं शेजारच्या स्वयंपाकघरात बोलतात, तर मी कान काय काढून उशाशी ठेवू?

कळलं ते असं. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी महिनाभर बघते म्हणून सांगितलंय. नीट चाललं तर गावातले त्यांचे सगळे दवाखाने सूनबाईकडे. नाही चाललं तर कपाट उचला आणि नमस्कार. मग सूनबाई जुन्या कंपनीत परत जाणार. पण ती कंपनी आता दुसऱ्या शहरात गेलीय, म्हणजे ही दोघंही तिकडे. आणि मला मुलीकडे ठेवायचं म्हणे. ठेवायचं! मी काय लोणच्याची बरणी आहे?

जातील तर जावोत. दोन माणसं कमी, दोन ताटं कमी. खोली तरी परत मिळेल.

खोली परत मिळेल. खोली परत मिळेल. (पान भरत नव्हतं.)

शनिवार

कपडे वाळत घालताना समोरची भेटली. तिचा गॅलरीतला उभं राहण्याचा वेळ मोजला तर तिने आयुष्यात कधी स्वयंपाक केलाच नसणार. म्हणाली, "तुमच्याकडे काय मोठं सामान आलंय म्हणे?" मी एवढंच म्हटलं की हे सुनेचं खूळ आहे, जमलं नाही तर दोघं परगावी जातील कदाचित. आणि कोणाला सांगू नकोस असंही बजावलं. माझं काम मी केलं.

११ तारीख, मंगळवार

आज तारीख बघायला आत गेले. सूनबाईने सांगितलंय, "आई, आत जा, पण कशाला हात लावू नका." मी कशाला लावू? फक्त फडक्याने पुसलं.

आत काय थंड आहे! बाहेर जीव उकडून निघतोय आणि ते लोखंड आपलं गारव्यात गुणगुणतंय. स्टूल घेऊन बसले. तारीख एकदा बघून समाधान होईना म्हणून बराच वेळ बघितली.

शिडीवाल्याला मात्र शिस्त नाही. कपाटातली एक पेटी वायरींची आहे, तिच्यात ओळीने भोकं. सगळ्या वायरींना चिठ्ठ्या चिकटवल्यात, एकीला चिठ्ठी नाही. तिचं एक टोक पेटीत आणि दुसरं खाली लादीवर लोळतंय. माझ्या घरात झाडूसुद्धा असा पडलेला चालत नाही. बाजूलाच एक भोक रिकामं होतं. टोक पुसलं आणि लावून टाकलं. टक् असा छान आवाज होतो. पापडी मोडल्यासारखा, नव्हे, कुलूप बसल्यासारखा. पेटीवरचे सगळे दिवे एकदम आनंदाने लुकलुकायला लागले. बरं वाटलं.

दुपारी गोंधळ. सूनबाईचा फोन वाजला आणि ती चपला न घालता रस्ता ओलांडून पळाली. दवाखान्यातली सगळी कॉम्प्युटरं थिजली होती म्हणे. औषधवाल्यापाशी रांग जिन्यापर्यंत, तपासणीची माणसं कागद हातात घेऊन वर-खाली पळतायत. शिडीवाला आला, त्याने पेटीतल्या सगळ्या वायरी उपटल्या, चिठ्ठ्या बघून एकेक परत लावली. लगेच चालू! मी म्हटलं, "काय झालं होतं?" म्हणाला, "कळत नाही, आजी. पण काढून लावलं की होतं." मी म्हटलं, "मग रोज सकाळी दात घासले की काढून लावत जा."

१४ तारीख, शुक्रवार

तारीख बघायला गेले होते. मेल्याने वायर पुन्हा खाली सोडलीय! मी तरी किती जणांच्या मागे आवरायचं? लावली. टक्.

जरा डोळा लागतोय तोवर सूनबाई धावत आत. पुन्हा बंद. एका पेशंटला दोनदा टोचलं, दुसऱ्याला एकदाही नाही, असं काहीतरी झालं. कोणाला काही झालं नाही, पण डॉक्टरीणबाई भडकल्यात. शिडीवाला आला, सगळं काढलं, लावलं, चालू.

रात्रीच्या जेवणाला तिघांची बैठक बसली. शिडीवाला म्हणाला उंदीर असतील. माझा मुलगा म्हणाला वीज कमीजास्त होत असेल. सूनबाई म्हणाली दवाखान्यातल्या फोटो काढायच्या मशीनचा त्रास असेल. मी म्हटलं, "मशीनची जातच नाजूक. एसीत वाढलेलं. त्याला दोन दिवस उन्हात ठेवा, सरळ होईल." सूनबाई ताटावरून उठली. भात तसाच.

शनिवार

सूनबाई आता दिवसभर त्याच खोलीत बसून असते. पहारा. म्हणजे माझं तारीख बघणं बंद. आणि गंमत बघा, ती आत बसल्यापासून मशीन सुतासारखं सरळ! मी मुलाला म्हटलं, "बघ, धाक लागतो."

रविवार

आज पेन दाबून लिहितेय, आणि ते रागाने.

वाण्याकडे गेले होते. वाणी म्हणाला, "काय आजी, चाललात म्हणे? मुलाने तिकडे घर घेतलंय, महिनाअखेरीला ट्रक येणार, कपाट विकायला काढलंय." म्हटलं, "तुला कोणी सांगितलं?" म्हणाला, "सगळ्या गल्लीला माहीत आहे. तुम्हालाच नाही?"

म्हणजे घर घेतलं! ट्रक ठरवला! आणि मला वाण्याकडून कळतंय! घरी आले, कोणाशी बोलले नाही. फक्त समोरचीला जाऊन सांगितलं, कारण कोणाला तरी सांगितल्याशिवाय पोटात दुखलं असतं. ती म्हणाली, "अगं बाई, म्हणजे खरंच आहे तर! मी नुसतं ऐकलं होतं." बघा. तिलाही दुसरीकडून कळलेलं. दोन ठिकाणहून आलंय म्हणजे पक्कंच.

सूनबाईशी अबोला धरलाय. मुलाशीही धरला असता, पण त्याच्या लक्षात आलं नसतं.

सोमवार

अबोला चालू. सकाळी डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. उभ्यानेच. सूनबाईला म्हणाल्या, "तुम्ही शहर सोडून जाताय असं माझ्या कानावर आलं. माझं काम अर्धवट टाकून?" सूनबाईचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा झाला. म्हणाली, "मॅडम, कोणी सांगितलं?" त्या म्हणाल्या, "माझ्या स्वयंपाकीणबाईंनी. शुक्रवारी येते मी. दोनदा बंद का पडलं ते मला समजेल असं सांगा, नाहीतर थांबू आपण."

त्या गेल्यावर सूनबाई ओट्यापाशी पाठ करून बराच वेळ भांडं घासत होती. एकच भांडं. मला म्हणावंसं वाटलं की अगं, त्याचं बूड जाईल. पण अबोला होता.

१९ तारीख, बुधवार

आज फार झालं. सगळं लिहिते, पान संपलं तर दुसरं घेईन.

सूनबाई सकाळपासून त्या खोलीत लादीवर बसलेली. भिंतीला टेकून, गुडघ्यात डोकं. जेवायला आली नाही. उपाशी माणसाशी अबोला धरण्यात मजा नाही, म्हणून ताट घेऊन आत गेले. बोलले नाही. ताट तिच्यापुढे ठेवलं, आवाज करून. तिने मान वर केली नाही.

आणि बघते तर ती वायर! लादीवर! बाईमाणूस दिवसभर त्या खोलीत बसतं आणि हाताशी पडलेली वायर उचलून ठेवत नाही. बोलायचं तर नव्हतं. मी टोक उचललं, पदराने पुसलं आणि तिला ऐकू जाईल असं भोकात लावलं. टक्.

पेटीवरचे सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकायला लागले. सूनबाईने डोकं वर केलं. दिव्यांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. तिचा फोन वाजायला लागला, तो तिने घेतलाच नाही. उठली, हळूच ती वायर काढली. दिवे शांत. परत लावली. दिवे पिसाटले. काढली. शांत.

मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, हे तुम्ही याआधीही केलं होतं?"

अबोला होता, म्हणून मी दोन बोटं दाखवली.

ती मटकन खाली बसली, ताटाच्या शेजारी. आणि हसायला लागली. मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. डोळ्यांतून पाणी, आणि हसतेय. म्हणाली, "आई, का पण?"

आता बोलणं भागच होतं. म्हटलं, "लोंबत होती."

"लोंबत होती!" असं म्हणून पुन्हा हसली.

मी म्हटलं, "हसू नकोस. मला न सांगता घर घेतलंस, ट्रक ठरवलास, आणि वर हसतेस?"

"कुठलं घर?"

"वाणी म्हणाला."

"वाण्याला कोणी सांगितलं?"

मग आम्ही दोघी चपला घालून गल्लीत उतरलो. वाण्याला शिंपीणबाईने सांगितलेलं. शिंपीणबाईला डॉक्टरीणबाईंच्या स्वयंपाकीणबाईने. तिला समोरचीने. समोरचीला विचारलं तर ती माझ्याकडे बघून नुसतीच मान हलवते. तिला कोणी सांगितलं ते काही केल्या कळेना. सूनबाई मात्र समोरचीकडे बघत नव्हती, माझ्याकडेच बघत होती. ऊन लागलं असेल तिला. घर घेतलेलं नाही एवढं नक्की झालं. बरं झालं. म्हणजे, मला न विचारता घेतलेलं नाही हे बरं झालं.

गुरुवार

सूनबाईने आज ताटल्या मांडून मला समजावलं. ही वायरींची पेटी म्हणजे मधला माणूस. एकाचा निरोप घेते, ज्याचा त्याला पोचवते. एखादा निरोप सगळ्यांसाठी असला की सगळ्या वायरींतून पाठवते. आता एकाच वायरीची दोन्ही टोकं त्याच पेटीत लावली, तर तिनेच पाठवलेला निरोप फिरून तिच्याकडेच येतो. तिला वाटतं हा नवा आला. ती पुन्हा सगळ्यांना पाठवते. तो पुन्हा फिरून येतो. असं होता होता इतका कल्लोळ होतो की कामाचं कोणाचंच कोणाला ऐकू जात नाही.

मी म्हटलं, "इतकं मूर्ख कोण असतं? आपणच बोललेलं आपल्याकडे परत आलं तर ओळखू येत नाही?"

सूनबाई म्हणाली, "येत नाही, आई. कधीकधी नाही येत." आणि चहा करायला गेली.

जाता जाता म्हणाली, की हे ओळखणाऱ्या पेट्याही मिळतात, पण तिने साधी घेतली, कारण ती हाताशी होती. मी म्हटलं, "मग दोष पेटीचा." म्हणाली, "दोष माझा. वायर कोणीतरी लावणारच हे मला आधी सुचायला हवं होतं." इतकं समजूतदार बोलली की मला तिचा संशयच आला.

शुक्रवार

डॉक्टरीणबाई आल्या. माझ्या पलंगावर बसल्या, कारण हॉलमध्ये दुसरं आहे काय? सूनबाईने सुरुवात केली, "मॅडम, ही एक तांत्रिक—" तेवढ्यात शिडीवाला मध्ये पडला, "मॅडम, चूक माझी. माझं छोटं मशीन लावायला ती वायर मी लोंबती ठेवली होती."

मला राहवेना. म्हटलं, "ठेवली त्याने. लावली मी. सुनेने सांगितलं होतं हात लावू नका, मी लावला."

डॉक्टरीणबाई वळल्या. "तुम्ही? का?"

"लोंबत होती."

माझ्या मुलाने कपाळावर हात मारला. सूनबाई लादी बघत होती. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या खोलीला तुम्ही कुलूप लावाल. पण माझ्या प्रत्येक मजल्यावर एकेक अशी पेटी येणार. तिथे आया आहेत, झाडूवाल्या आहेत, पेशंटच्या सोबतीला आलेल्या अशाच आजी आहेत. सगळ्यांना सगळं नीटनेटकं लागतं. त्यांना कोणतं कुलूप लावणार?"



"मंगळवारी यांना आत सोडा," त्या म्हणाल्या, माझ्याकडे बोट करून. "लागलेली वायर काढायची नाही, पण रिकाम्या भोकात हवं ते लावू द्या. दवाखाना चालू राहिला तर सगळे दवाखाने तुमचे. बंद पडला तर मी दुसरं कोणी बघते."

मला कोणी विचारलंच नाही की मला वेळ आहे का.

रविवार

नवी पेटी आली. दिसायला जुनीसारखीच, पण सूनबाई म्हणते ही शहाणी आहे. आपलाच आवाज परत आला की ओळखते आणि ते भोक आपोआप मिटून घेते. काल आणि आज ती आणि शिडीवाला तिच्यापुढे बसून आहेत, लग्नाच्या मुलीला प्रश्नोत्तरं पढवावीत तसे.

माझा मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, मंगळवारी जरा बेताने हं. एखादीच वायर लाव, आणि दमले म्हण."

मी म्हटलं, "चल हो बाजूला. मी काम अर्धवट करत नाही. आणि मी लबाडी केली, तर उद्या दुसऱ्या दवाखान्यात दुसरी कोणी म्हातारी लबाडी करणार आहे का?"

संध्याकाळी समोरची आली. म्हणाली, "मज्जा आहे तुमची. बंद पडलं की तुमची खोली तुम्हाला." मी म्हटलं, "तुझं दूध उतू चाललंय, वास येतोय." पळाली. दूध तिने ठेवलंच नव्हतं बहुतेक. पण गेली ना.

२५ तारीख, मंगळवार

डॉक्टरीणबाई स्टुलावर. फोन कानाला, दवाखान्याच्या काउंटरवरच्या मुलीशी जोडलेला. शिडीवाला दारात, शिडीसकट. मुलगा खिडकीपाशी, नखं खातोय. सूनबाई कपाटाशेजारी, हात मागे बांधून. मला टोपलीभर वायरी दिल्या.

पहिली वायर घेतली. एक टोक लावलं. दुसरं लावायला गेले. दोनदा भोक चुकलं. व्यायामवालीला सांगायला हवं, मनगटात अजून ताकद नाही. सूनबाई म्हणाली, "लावा, आई. मनापासून लावा."

टक्.

दोन दिवे नारिंगी झाले आणि विझले. बाकीचे आपल्या तालात. डॉक्टरीणबाई फोनमध्ये म्हणाल्या, "चालू आहे?" तिकडून हो आलं.

मग माझा हात बसला. दुसरी लावली, तिसरी लावली. वरच्या पेटीतून खालच्या पेटीत, खालच्या पेटीतून बाजूच्या पेटीत. शिडीवाल्याचं तोंड उघडंच. एकदा तो "आजी, तिथे नको..." म्हणाला, मग आठवलं की बोलायचं नाही. दर वेळी दिवे विझायचे आणि दर वेळी फोनमधून हो यायचं. टोपली संपली. मी म्हटलं, "अजून आहेत का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुरे, आजी." मी म्हटलं, "पुरे कसं? वर एक भोक राहिलंय." त्यांना स्टुलावरून उठवलं, स्टूल ओढलं, वर चढले. मुलाने कमरेला धरलं. टोपली रिकामी, म्हणून शिडीवाल्याच्या खिशातून बाहेर आलेली वायर ओढून घेतली. दोन्ही टोकं लावली. टक्, टक्.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चालू आहे?"

उत्तर नाही.

"हॅलो? चालू आहे का?"

काही नाही. एसीचा आवाज तेवढा. सूनबाईने डोळे मिटले. मी स्टुलावर, एक हात कपाटावर. लोखंड गार असतं, पण माझ्या हाताला घाम आला होता. तोंडातून देवाचं नाव निघून गेलं. सवय, दुसरं काय.

मग फोनमधून ती मुलगी केवढ्याने ओरडली, सगळ्यांना ऐकू आलं. "अहो मॅडम, चालू आहे, चालू आहे! इथे पेशंटची गर्दी आहे, सारखं सारखं काय विचारताय, काम करू द्या ना!"

डॉक्टरीणबाईंनी फोन कानापासून लांब धरला आणि पहिल्यांदा हसल्या. सूनबाईला म्हणाल्या, "सोमवारपासून दुसऱ्या दवाखान्याचं बघा." मग माझ्याकडे बघून, "आणि या खोलीला आजच कुलूप लावा."

मला खाली उतरवायला तिघं आले. उतरल्यावर सूनबाईने माझा हात धरला तो सोडेचना. मी म्हटलं, "सोड, तो दुखरा आहे." दुखरा दुसरा होता. तिला कुठे कळतंय.

बुधवार

खोलीला कुलूप लागलं. माझी खोली गेली ती गेलीच. वर सूनबाई म्हणते, कामाला दोन माणसं घ्यावी लागतील, त्यांची टेबलं हॉलमध्ये. म्हणजे माझा पलंग आता कुठे, तर बहुतेक फ्रीजच्या शेजारी. मी म्हटलं, "एकदाच मला गच्चीवर टाका आणि सगळ्या घराचं ऑफिस करा." म्हणाली, "आई, नवं मोठं घर बघू या ना, तुम्हीच पसंत करा." मी म्हटलं, "संडास घरात पाहिजे. आणि स्वयंपाकघराला खिडकी." मग आणखी चारपाच गोष्टी सांगितल्या, आठवतील तशा.

सांगता सांगता बघते तर ती माझ्या पलंगावर बसल्याबसल्या आडवी झाली आणि झोपली. भर दुपारी. तोंड उघडं, एक पाय खाली. जुनी कंपनी सोडल्यापासून तिला झोपलेलं मी बघितलंच नव्हतं. पाय वर उचलून ठेवला. लोंबत होता.

आता मला बसायला जागा नाही म्हणून हे ओट्यावर वही ठेवून उभ्याने लिहितेय. समोरची दारात आली होती, काय झालं ते विचारायला. तिला बोट ओठावर ठेवून परत पाठवलं. तिचा जीव जात असेल तर जाऊ दे तासभर.

कुकर लावला नाही. शिट्ट्या होतात. भात पातेल्यात टाकलाय, झाकण अर्धं ठेवून, गॅस बारीक. माझ्या आईने आयुष्यभर तसाच केला, कोणी मेलं नाही.

जिन्यावर मुलाचे पाय वाजतायत. एवढा घोडा झाला तरी धाडधाड चढतो. जाते आणि सांगते त्याला, चपला हातात घेऊन ये म्हणावं.